फाट्यावरचा खांब

मोटरसायकलवर दूर दूर फिरणाऱ्या माणसांबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो. ही माणसं म्हणे वाऱ्यासारखी सुटतात, यांना मागचं-पुढचं काही नसतं. असं म्हणणाऱ्यांनी आमच्याबरोबर एक रविवार काढावा. सकाळी हर्सूलच्या टी पॉइंटला जमायचं ठरतं. कोणी हातमोजे घरी विसरलेलं असतं, कोणाच्या मागच्या चाकात हवा नसते, आणि पेट्रोल भरायचं राहिलंय हे एकाला तरी सगळ्यांनी हेल्मेट चढवल्यावरच आठवतं. त्यातून एकदाचे निघालो की पुढे अर्धा वेळ जातो तो एकमेकांची वाट बघण्यात. इतक्या वर्षांच्या फिरण्यातून गाडी चालवणं वजा केलं, तर खाली जे उरेल ते सगळं वाट बघणंच असेल. आणि आज मला आठवण येते ती त्याचीच. घाट, धरणं, सूर्योदय यांचे फोटो आहेत माझ्याकडे, वाट बघण्याचे नाहीत.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. रागीट असणं माझ्या पगारातच धरलेलं आहे. चाळिशी उलटल्यावर मी बुलेट घेतली तेव्हा घरात फार तमाशा झाला नाही, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घे बाई, पण साडीवर चालवू नको, पदर चाकात जातो." नवरा आजतागायत माझ्या मागे बसलेला नाही. त्याला मोटरसायकलची भीती वाटते असं तो सांगतो. भीती मोटरसायकलची नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

आमचा ग्रुप अगदी लहान. सगळ्यात पुढे डॉक्टर. दातांचे डॉक्टर आहेत, आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून बघून रविवारी त्यांना लांबचं काहीतरी बघायचं असतं. मग मी. मग एक नवरा-बायको, दोघंही वाळूजला कंपनीत, एकाच गाडीवर. त्यांना आम्ही नुसतं 'जोडी' म्हणतो. ती मागे बसून रस्ता सांगते, तो चालवताना ऐकत नाही, आणि चहाच्या टपरीवर दोघं आम्हाला पंच नेमतात. मग भाई. भाईंचं जुन्या शहरात स्पेअर पार्टचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. माझी गाडी आल्याचा आवाज ऐकूनच ते सुरू होतात, "मॅडम, कैकू इत्ता रेस देते? गाडी है, बच्चे नहीं तुमारे कॉलेज के."

आणि सगळ्यात शेवटी काका. काका फुलंब्रीकडचे. घरची शेती होती, पण जन्म गेला तो वाळूजच्या कारखान्यात. पहाटेची शिफ्ट, रात्रीची शिफ्ट, सगळं मोटरसायकलवर. निवृत्त झाल्यावर माणसं मोटरसायकल सोडून चारचाकी घेतात. काकांनी उलट सांगितलं, "इतके वर्स कंपनीत जायला चालवली. आता कुठं बी जायचं नाय तर चालवू." आणि आम्हाला येऊन मिळाले.

आमच्यात एक पद्धत होती. तिला इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव आहे, डॉक्टरांनी ते एकदा सांगितलंही होतं. आम्ही तिला खांब म्हणायचो. फाटा आला की सगळ्यात पुढचा डाव्या हाताने रस्त्याच्या कडेला बोट दाखवतो. त्याच्या मागचा तिथेच थांबतो. गाडी कडेला लावायची आणि कोणत्या रस्त्याला वळायचं ते मागून येणाऱ्यांना हात करून दाखवायचं. तो झाला खांब. बाकीचे त्याला बघून वळतात आणि निघून जातात. आमच्यात कधीकधी मैल-मैल अंतर पडायचं, कारण डॉक्टरांना थांबवत नाही आणि जोडीला भांडायला थांबावं लागतं. पण कोणी चुकायचं नाही. खांबाने हलायचं नाही. सगळ्यांच्या शेवटी असतं ते शेपूट. शेपूट आलं की ते दोनदा लाईट मारतं, एकदा हॉर्न देतं, आणि मग खांब सुटतो. शेपूट आल्याशिवाय खांब हलत नाही. एवढाच नियम. शेपूट पोचलं म्हणजे सगळे पोचले, सिद्धता पूर्ण. आयुष्यभर गणित शिकवून इतकी सोपी आणि पक्की सिद्धता मला दुसरी दिसली नाही.

शेपूट कायम काका. तसं ते कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्याच फेरीत ते मागे राहिले आणि मग मागेच राहिले. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, एकदा तुम्ही पुढे व्हा, मी राहते मागे."

"पुढं पळायला कुणाला बी येतंय, पोरी," काका म्हणाले. "मागं राह्याला दम लागतो. तुला नाय जमायचं, तू लई तापट."

पोरी! केसांना कलप लावायची वेळ आलेली बाई मी. वडील गेल्यापासून मला पोरी म्हणणारं जगात कोणी उरलं नव्हतं. कॉलेजात मॅडम, घरात अगं आणि आई, सासरी वहिनी. काकांनी पहिल्यांदा पोरी म्हटलं तेव्हा मी हेल्मेटची काच खाली ओढून घेतली होती, हे मला अजून आठवतं.

काका आले की ते कधी नुसते पुढे जायचे नाहीत. खांबाजवळ गाडी हळू करायचे, दोनदा लाईट, एकदा हॉर्न, आणि वर तोंडानेही सांगायचे, "चल. मागं कोणी नाय." सांगायची गरज नसायची. मागे ते स्वतःच असायचे, त्यांच्या मागे कोण असणार? पण ते म्हटल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही, आणि ऐकल्याशिवाय आमचंही.

एकदा गंगापूरकडून कन्नडला जाताना भाई खांब होते. लग्नसराईचे दिवस. आम्ही सगळे पुढे गेलो आणि भाई उभे होते त्याच रस्त्याने एक वरात आली. फाट्यावर हात लांब करून उभा असलेला माणूस बघून वरातवाल्यांना वाटलं, हा आपल्यालाच रस्ता दाखवायला ठेवलेला मुलीकडचा माणूस. त्यांनी वाजत-गाजत तिथेच मुक्काम ठोकला. भाईंच्या हातात पेढा दिला, कोणी हेल्मेटवरूनच फेटा गुंडाळला, आणि बँडवाल्यांनी त्यांना मध्ये घेतलं. भाई हलले नाहीत. फेटा बांधलेल्या हेल्मेटात, हात कन्नडच्या दिशेने करून, तस्से उभे. काका मागून आले, गर्दीतून वाट काढत दोनदा लाईट मारली, हॉर्न दिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "चल. मागं कोणी नाय."

"काका!" भाई ओरडले, "मेरे मागं अख्खी बारात है!"

ही गोष्ट आम्ही इतक्यांदा सांगितली आहे की आता प्रत्येकाची वेगळी झाली आहे. जोडीतली ती म्हणते भाई नाचलेसुद्धा. भाई कानावर हात ठेवतात.

मला स्वतःला खांब व्हायला फार आवडायचं. डॉक्टरांच्या मागे मीच असल्यामुळे पहिला फाटा बहुतेक माझ्याच वाट्याला यायचा. इंजिन बंद केलं की आधी कानात घुमत राहतं, मग हळूहळू शेतं ऐकू येऊ लागतात. कुठे मोटार चालू असते, कुठे कोणी बैलाला शिव्या देत असतं. जोडी जाते. भाई जातात, जाता जाता काहीतरी टोमणा मारून. मग रस्ता मोकळा होतो. आणि त्या मोकळ्या रस्त्यावर मी आरशात बघत बसायचे. काकांच्या गाडीचा दिवा जुना होता, आताच्या पांढऱ्या दिव्यांसारखा डोळ्यात न घुसणारा, पिवळा. तो आधी लांबवर ठिपक्याएवढा दिसायचा. दिसायचाच. घरी मुलाचं ॲडमिशन, सासूबाईंचं पथ्य, कॉलेजातलं राजकारण, यातल्या कशाचाच भरवसा नसायचा. पण फाट्यावर नुसतं उभं राहिलं तर तो पिवळा दिवा येणार, याचा होता.

मग दुपारी कुठेतरी झाड बघून थांबायचं. काकांच्या डिकीत पंक्चरचं सामान, जास्तीची क्लच केबल, सुतळी आणि स्टीलचा डबा. डब्यात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि काकूंनी घातलेलं कांद्या-मिरचीचं काहीतरी. डॉक्टर तिखट खाऊन डोळे पुसत म्हणायचे, "काका, दाताला चांगलं नाही हे." काका म्हणायचे, "दाताला तुमी हाय की. जिभेला कोण हाय?"

काकांचं काहीतरी बिघडलंय हे मला आधी कपबशीच्या आवाजातून कळलं. वेरूळच्या अलीकडच्या टपरीवर आम्ही बसलो होतो, काकांनी बशी उचलली आणि कप तिच्यावर वाजू लागला. काकांनी बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही हातांनी धरला. मी म्हटलं, "काका, हात का थरथरतोय?"

"थंडी वाजायली," काका म्हणाले. मे महिना होता.

नंतर म्हणाले, गाडीची थरथर अंगात राहिली. नंतर म्हणाले, झोप नाही झाली. मी काही ऐकून घेणारी नाही. डॉक्टरांच्या मागे लागले, डॉक्टरांनी ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या. काही महिने बरे गेले. मग एकदा दौलताबादच्या चढावर काकांचा क्लचवरचा हात सुटला आणि गाडी बंद पडून मागे घसरली. लागलं काही नाही. मागे ट्रक नव्हता एवढंच.

पुढच्या रविवारी काका आले ते चहासाठीच. कप हातात घेतलाच नाही. म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट हाललं की कुत्रं खुश हाय म्हणतेत. ह्ये शेपूट हालायलं, पण खुश नाय. आजपासून मी येत नसतो."

आम्ही हसलो. खरंच हसलो, कारण त्यांनी ते हसवायलाच सांगितलं होतं. मग ते गाडीला किल्ली लावून एकटेच फुलंब्रीच्या रस्त्याला गेले आणि आम्ही त्यांच्या मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत तिथे उभे राहिलो. त्यांना मागून बघायची आम्हाला सवयच नव्हती.

त्यानंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो, सगळे, गाड्या घेऊन. गाड्या गल्लीत शिरल्या तेव्हा काका ओट्यावर होते, आम्ही हेल्मेट काढेपर्यंत आत गेले होते. काकूंनी पोहे केले. काका बाहेर आले ते निघायच्या वेळी. एवढंच म्हणाले, "पुन्यांदा येताना गाड्या घिऊन येऊ नका. येष्टीनं या, जीपनं या. अन् रविवारी फोन करू नका."

मला राग आला. राग हे माझं पहिलं औषध आहे, सगळ्यावर तेच घेते. मी सिटीत परत येईपर्यंत हेल्मेटच्या आत भांडत होते. दवाखान्यात जायला मी लावलं, गोळ्यांची आठवण मी करते, आणि मलाच सांगतात रविवारी फोन करू नका! मग मधल्या वारी सुट्टी काढून एकटीच गेले, शेअर जीपमध्ये, पोत्यांच्या आणि शाळेच्या पोरांच्या मधे दबून. काका शेतात गेले होते. काकूंनी अंगणातली गाडी दाखवली. वर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा.

"पुतण्या आठ दिवसाला चालू करून ठिवतो," काकू म्हणाल्या. "बॅटरी मरती म्हणं नायतर. त्यो चालू कराया आला की ह्ये मागल्या खोलीत जाऊन दार लावून घेतेत. आवाज सहन हुत नाय. मी म्हणलं इकून टाका मंग. तर दोन दिवस माझ्यासंगट बोलले नाय."

मी विचारलं, "मागे बसून तरी येतील का? माझ्या गाडीवर?"

"ते इचारू बी नगंस, माय," काकू म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं की काकांना आमचा राग आलेला नाही. त्यांना आम्ही हवे होतो, आणि म्हणूनच आमचे आवाज नको होते. हे कळलं, पण त्याचा उपयोग काही झाला नाही. मला ते परत हवे होते. गाडी चालवत नको, पण आमच्यातले म्हणून हवे होते. आणि ते ताडपत्रीवर एकेक वीट वाढवत चालले होते.

आमचे रविवार चालू राहिले. पण शेपूट कोणी झालं नाही. डॉक्टर म्हणाले, आळीपाळीने होऊ. सगळे हो म्हणाले आणि कोणीच झालं नाही. भाई आपोआप शेवटी असायचे, पण त्यांना कोणी शेपूट म्हटलं की ते तोंड फिरवायचे. "काका की जगा है वो. मैं नक्को." मग आम्ही खांब लावणंच बंद केलं. सगळ्यांच्या हँडलवर फोन आले. फोनातली बाई गोड आवाजात सांगते, उजवीकडे वळा. ती कधी कोणासाठी थांबत नाही. आम्ही कुठेही चुकत नव्हतो, वेळेत पोचत होतो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर मला वाटायचं, आपण आज एकेकटेच जाऊन आलो.

मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी देवगाव रंगारीकडून कन्नडला जायचं ठरलं. कसाबखेड्याच्या पुढे चहा झाला. डॉक्टरांचा फोन रेंज सोडून बसला होता, जोडीचा चार्ज नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आज फाटे बरेच आहेत. जुन्या पद्धतीने खांब लावत जाऊ." सगळे एकदम खुश झाले. जोडीतल्या तिने टाळीच वाजवली. आम्ही हेल्मेट घातली आणि निघालो. शेपूट कोण, हे कोणी विचारलं नाही. गणिताच्या बाईनेही नाही. खांब लावायचा म्हटलं की मागे काका आहेत, हे आमच्या अंगात इतकं मुरलं होतं.

देवगावच्या पुढच्या फाट्यावर डॉक्टरांनी डाव्या हाताने बोट दाखवलं. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि कन्नडच्या बाजूला हात केला. बाजूला वेचणी झालेली पऱ्हाटी उभी होती, बोंडांना कुठे कुठे कापसाचे धागे लटकलेले. पलीकडे हिरवा गहू. जोडी गेली, भांडत. भाई आले, ओरडले, "मॅडम, हात सीधा रखो, साइन बोर्ड हो तुम!" आणि गेले.

रस्ता मोकळा झाला. मी आरशात बघू लागले.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. उसाचा एक ट्रॅक्टर गेला, रेडिओ लावून. दोन एसट्या गेल्या. आरशात लांबवर दिवा दिसायचा आणि जवळ आला की तो दुसऱ्याच कोणाचा तरी असायचा. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्यापाशी थांबली.

"गाडी बंद पडली का, बाई?"

"नाही. वाट बघतेय."

"कुणाची?"

मी तोंड उघडलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. कोणी येणार नाही. भाई शेवटचे होते. मी शेपटाची वाट बघत होते आणि आम्हाला शेपूटच नव्हतं. आणि पुढे कुठल्यातरी वळणावर ते चौघं गाड्या लावून माझी वाट बघत बसले असणार, कारण खांब शेपटाबरोबर येतो, त्याला आणायला कोणी मागे फिरत नाही, हाही नियमच. इतकी शिकलेली माणसं आम्ही!

बाई भारा सावरत माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "आमच्या काकांची."

"येतेल की मंग," ती म्हणाली आणि पायवाटेला लागली.

आता निघायचं सोपं होतं. किल्ली फिरवायची, बटण दाबायचं. माझा हात किल्लीकडे गेलाच नाही. मी निघाले असते तर काका मागे नाहीत हे मी स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं झालं असतं. मला ते लिहून द्यायचं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही राग आला. मग मी फोन काढला आणि, रविवार असून, काकांना लावला.

पूर्ण वाजून कट झाला. पुन्हा लावला. शेवटच्या रिंगला उचलला.

"आज रविवार हाय," काका म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"माहीत आहे."

"मंग?"

"काका, मी देवगावच्या फाट्यावर खांब आहे."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"डॉक्टर गेले?"

"गेले."

"जोडी?"

"गेली."

"भाई?"

"तेही गेले."

"मंग भाईच्या मागं कोण हाय?"

मी म्हटलं, "भाईंच्या मागे तुम्ही."

मी फोन कानावरून काढून रेंज बघितली. मग काकांचा आवाज आला, अगदी बारीक.

"शेपूट कोण नेमलंय आज?"

"कोणीच नाही. राहून गेलं."

आणि काका भडकले. "येड्याहो! शेपूट नाय तर खांब लावला कशाला? डॉक्टरला अक्कल हाय का नाय? अन् तू गणित शिकिवती! एकादा जण चुकून दुसऱ्या रस्त्यानं गेला असता, तर कुणाला कळणार हुतं?" इतक्या महिन्यांत मी त्यांचा असा चढा आवाज ऐकला नव्हता. मी फोन कानाला घट्ट लावून धरला. बोलून बोलून ते दमले.

"निघ आता," ते म्हणाले. "ते पुढं वाट बघत असतेल."

"शेपूट आल्याशिवाय खांब हलत नाही."

"पोरी, आडमुठेपणा करू नगंस."

"मी उभी आहे, काका."

पुन्हा कोंबड्या. मग काका म्हणाले, "थांब. फोन कापू नगं."

फोन खिशात टाकल्याचा खरखराट झाला. चपला वाजल्या. काकूंचा आवाज, लांबून, "आवं, कुठं निघाले?" मग विटा पडल्याचा आवाज, एक, आणखी एक, आणि ताडपत्री ओढल्याचा. काकू काहीतरी बोलल्या. किल्ली फिरल्याचं मला ऐकू आलं नाही, पण स्टार्टर ऐकू आला. एकदा घरघरला आणि थांबला. दुसऱ्यांदा गाडी सुरू झाली.

ती ठकठक मी कुठेही ओळखली असती. मी देवगावच्या फाट्यावर, पऱ्हाटीच्या कडेला, तो आवाज ऐकत उभी होते आणि आता हुंदका आवरायची खटपटही करत नव्हते.

मग हॉर्न वाजला. एकच द्यायचा असतो तो. पण हात थरथरत होता, त्यामुळे तो सलग आला नाही. तुटत तुटत आला, थांबला, पुन्हा आला.

फोन परत बाहेर निघाला. काका दम लागल्यासारखे बोलत होते.

"हॉर्न आयकला?"

"ऐकला."

"दोनदा लाईट बी मारली. तुला तिथून दिसली नसंल."

"दिसली, काका," मी म्हटलं.

पलीकडे गाडी चालूच होती. त्यांनी ती बंद केली नव्हती.

"चल मंग," काका म्हणाले. "मागं कोणी नाय."

मी गाडी चालू केली आणि कन्नडच्या रस्त्याला लागले. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण पहिल्या वळणापर्यंत बघतच गेले.